सड्यांकडून एक धाव

हॅकेट्स फेरीत माणूस क्लब दोनदाच सोडतो असं म्हणत. एकदा लग्न झाल्यावर आणि एकदा मेल्यावर.

गाव एवढंसं, नदीकाठचं, झाडूंच्या कारखान्यावर पोट भरणारं. पण बेसबॉलचे क्लब दोन. एक संसारी लोकांचा, एक सड्यांचा. अमेरिकेतली उत्तर-दक्षिणेची लढाई संपून पोरं घरी आली तेव्हापासून या खेळाचं वेड सगळ्या मुलखाला लागलं होतं. दुसऱ्या गावांत क्लबांना गरुडांची नि ताऱ्यांची नावं असत. हॅकेट्स फेरीला तेवढी कल्पनाशक्ती नव्हती. ज्याला बायको आहे तो लाल फितीचा, ज्याला नाही तो निळ्या फितीचा. एखाद्या सड्याचं लग्न झालं की सड्यांचा कप्तान दुकानाच्या पायरीवर सगळ्यांसमोर त्याची निळी फीत काढून घ्यायचा, खोटं खोटं डोळे पुसायचा, आणि संसाऱ्यांचा कप्तान लाल फीत बांधून म्हणायचा, "ये बाबा, आता तूही भोग." दरवर्षी तेच, आणि दरवर्षी गाव पोट धरून हसायचं.

बायको मेली तर काय करायचं, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. आजवरचे विधुर एकतर म्हातारे होते, नाहीतर त्यांच्यामागे पोरांचं एवढं लेंढार होतं की खेळायला सवड कुणाला? झीनस क्रॉवेल चौतिशीचा, मूलबाळ नसलेला, आणि दुसऱ्या बेसवर त्याच्यासारखे हात गावात कुणाचे नव्हते. त्याची लोविना मार्चमध्ये छातीत कफ होऊन गेली.

जुलैत ऑरिन पेटी नावाच्या माणसाच्या दुकानात दोन्ही क्लबांची बैठक भरली. ऑरिन दुकानदार, चर्चमधला डीकन आणि संसाऱ्यांचा कप्तान. या तिन्ही कामांत तो सारखाच काटेकोर होता. अडचण अशी होती की हार्वी मून नावाच्या पोराचं जूनमध्ये लग्न झालं आणि तो लाल फितीत आला. संसारी झाले दहा, सडे उरले आठ, आणि सामना तोंडावर आलेला.

"हे बघा," ऑरिन म्हणाला, "वाईट मलाही वाटतं. कुणाला वाटत नाही? पण संसारी म्हणजे ज्याला बायको आहे तो. नियम आपणच केलाय."

"आणि विधुर म्हणजे सडाच की," सड्यांचा कप्तान ल्यूशस होल्ट म्हणाला. तो लोहार होता, चोवीस वर्षांचा, मनात येईल ते बोलून मोकळा होणारा. "उद्या झीनस लग्न करतो म्हणाला तर पाद्रीबाबा नाही म्हणतील का?"

"नाही म्हणणार."

"झालं तर मग. द्या इकडे. मला दुसऱ्या बेसला माणूस हवाच आहे."

मग सगळ्यांना आठवलं की झीनस तिथेच बसलाय, शेगडीजवळ, बिस्किटांच्या पिंपावर. ऑरिनने घसा खाकरला. "झीनस, तुझं काय म्हणणं?"

"तुमचं ठरेल ते," झीनस म्हणाला.

हात वर झाले. सगळ्या हातांत आणखी एक हात वर गेलेला झीनसला दिसला, आणि तो आपलाच आहे हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

मला या माणसांचा राग येतो, पण तो कुणा एकावर काढता येत नाही. दुष्ट त्यांच्यात कोणी नव्हतं. मार्चपासून त्यांनी झीनससाठी काय नाही केलं? बायकांनी येऊन मोठा पलंग माळ्यावर टाकला, कोपऱ्यात एकट्यापुरती खाट लावली. मेव्हणी आली नि लोविनाचे कपडे, तिची शिवणाची पेटी बांधून घेऊन गेली, "नजरेसमोर नको" म्हणाली. शेजाऱ्याने तिच्या कोंबड्या नेल्या. झीनस प्रत्येकाला दार उघडून देत होता आणि आभार मानत होता. त्याच्याकडे आता एकच गोष्ट उरली होती. तो लोविनाचा नवरा होता. ही काही पेटीत भरून नेण्यासारखी वस्तू नव्हती, म्हणून ती कोणी मागेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती त्यांनी हात वर करून मागितली, आणि त्याने हात वर करून दिली.

घरी जाताना त्याला काही वाटलं नाही. काही न वाटणं हेच त्याचं मार्चपासून चालू होतं. दफनाच्या दिवशी तो रडला नाही. गाव म्हणालं, काय खंबीर माणूस! मे महिन्यापर्यंत तेच गाव म्हणू लागलं, फारच कोरडा बाई. तो खंबीरही नव्हता नि कोरडाही नव्हता. सकाळी उठायचा, कारखान्यात जायचा, काड्यांच्या जुड्या दांड्याला लावून तार आवळायचा, झाडू शिवायचा. कोणी समोर ठेवलं तर जेवायचा. काय जेवला असं विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं.

सामना ऑगस्टमध्ये, गवताची कापणी आटोपल्यावर, नदीकाठच्या कुरणात झाला. पंच नेहमीप्रमाणे पलीकडच्या काठावरून आणलेला, कारण गावातला प्रत्येक पुरुष एकतर संसारी नाहीतर सडा. तटस्थ माणूस आणायचा कुठून? यंदा ॲमिडन मास्तर आले होते. उंच काळी टोपी, हातात छत्री, बसायला खुर्ची. त्यांच्या शेजारी टेबल मांडून धावा लिहायला पोस्टमास्तर गॅड व्हीलॉक बसला होता. झाडाखाली बायकांनी हॅम, बीन्स, काळा पाव आणि रुबार्बच्या आंबटगोड पाईंनी टेबलं भरून ठेवली होती, आणि माश्या हाकलत त्या खेळाडूंची उणीदुणी काढत होत्या.

ल्यूशसने झीनसच्या दंडावर निळी फीत बांधली. ऑरिनची बायको मेहिटाबेलकाकू तिथूनच ओरडली, "झीनस, निळा रंग शोभतो हो तुला! दहा वर्षांनी लहान दिसतोस!" मनाची ती चांगली होती. झीनसने टोपीला हात लावला.

संसाऱ्यांची बॅटिंग आधी होती. सडे आपापल्या जागा घ्यायला निघाले आणि झीनस सवयीने संसाऱ्यांच्या बाकाकडे चालू लागला. ऑरिनच्या शेजारी, जिथे तो दरवर्षी बसायचा तिथे बसलासुद्धा. हार्वी मून बाजूला सरकला तेवढाच.

"ओ क्रॉवेलसाहेब!" ल्यूशस मैदानातून ओरडला. "तिकडे पाहुणचार चाललाय का? तुमचं घर इकडे!"

कुरणभर हशा पिकला. झीनस उठून दुसऱ्या बेसला गेला.

खेळ त्या काळी साधा होता. हातमोजे वगैरे थेर नव्हते. चेंडू उघड्या हाताने अडवायचा, आणि संध्याकाळी बोटं सुजली तर बायकोने व्हिनेगर लावायचं. एक टप्पा पडून झेललेला चेंडूही बाद. चेंडू खालून, हळू टाकायचा आणि मारणाऱ्याला हवा तिथे टाकायचा. त्यामुळे धावा बख्खळ व्हायच्या. पण एक गोष्ट फार कडक होती. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे चारही बेस पळत ओलांडून माणूस आला म्हणजे धाव झाली असं नाही. त्याने टेबलापाशी जायचं, टोपी काढायची, नाव सांगायचं, कोणाकडून ते सांगायचं आणि धाव मागायची. मग ती लिहायची. व्हीलॉक प्रत्येकाला जन्मापासून ओळखत होता, तरी "नाव?" हे असं काही विचारायचा की जणू माणूस आत्ताच बोटीतून उतरलाय.

"नाव?"

"झीनस क्रॉवेल."

"कोणाकडून?"

"सड्यांकडून. एक धाव."

व्हीलॉकने लिहिलं. झीनस बाकावर जाऊन बसला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही काही झालं नाही; तो शब्द तोंडातून असा गेला, जसा पाव घशाखाली जात होता. मध्ये एकदा ऑरिनने मारलेला चेंडू त्याच्या तळहातावर असा काही बसला की बघणाऱ्या बायकांनी डोळे मिटले. झीनसने तो पहिल्या बेसला फेकला आणि माणूस बाद झाला. "भले!" ऑरिन सवयीने ओरडला, आणि मग आपणच बाद झालोय हे कळून त्याने टोपी आपटली.

तिसऱ्यांदा "सड्यांकडून" म्हणताना झीनसला आपला आवाज ऐकू आला. कानापासून थोडा दूर, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. चौथ्यांदा तो शब्द येईपर्यंत व्हीलॉकला लेखणी धरून थांबावं लागलं.

"ऊन डोक्यात चढलं का रे?" व्हीलॉक म्हणाला.

"सड्यांकडून," झीनस म्हणाला. "एक धाव."

शेवटचा डाव आला तेव्हा दोन्हीकडे सारख्या धावा होत्या आणि सड्यांची बॅटिंग होती. दोघे बाद झाले होते, तिसरा बाद झाला की डाव संपणार होता. झीनस तिसऱ्या बेसवर उभा होता. बॅट हातात घेऊन निघालेला ल्यूशस वाट वाकडी करून त्याच्याजवळ आला.

"हे बघ, मी मारला की पळ. मागे बघू नकोस," तो हळूच म्हणाला. "आणि एक ऐक. जिंकवणारी धाव आणेल त्याने रात्री पहिला नाच नाचायचा, हे ठाऊक आहे ना? आमच्यात तशी रीत आहे. कॉर्नेलिया टफ्टला मी विचारून ठेवलंय."

"काय विचारलंयस?"

"तुझ्याबरोबर नाचशील का म्हणून. तिची काही हरकत नाही. लाजली जरा." ल्यूशसने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "किती दिवस असं राहायचं रे? आता तू आमच्यातला."

त्याला झीनसचं भलंच करायचं होतं. त्याने जाऊन बॅट फिरवली, आणि चेंडू ऑरिनच्या डोक्यावरून ओढ्याकडे गेला. झीनस पळाला. पाय पळतात म्हणून तो पळाला. त्याने शेवटच्या लोखंडी पाटीवर पाय ठेवला आणि सड्यांचा बाक उसळला. टोप्या उडाल्या. त्या आनंदात ल्यूशस दुसऱ्या बेसच्या पुढे धावत सुटला नि बाद झाला, पण त्याचं कोणाला काय? सामना झाला होता. फक्त टेबलापाशी जाऊन मागायचं बाकी होतं.

झीनसने टोपी काढली.

"नाव?"

"झीनस क्रॉवेल."

"कोणाकडून?"

झीनसने दंडावरच्या निळ्या फितीकडे पाहिलं.

"बोल ना बाबा. शाई वाळतेय."

"धाव लिहू नका," झीनस म्हणाला.

"का? पाटीला पाय लागला नाही?"

"पाय लागला. मी सड्यांचा नाही. माझं लग्न झालंय."

व्हीलॉकने लेखणी खाली ठेवली. जवळ होते त्यांनी ऐकलं, लांबच्यांना ते सांगत गेले, आणि ओरडा हळूहळू विरत गेला. ल्यूशस धापा टाकत आला. "काय म्हणतोय हा?"

"धाव नको म्हणतो."

"नको कशी? अरे, दुकानात तू स्वतः हात वर केलास! सगळ्यांनी बघितलंय!"

"केला."

"मग?"

"चुकलं माझं."

"आता चुकलं? चार धावा सड्यांकडून मागून झाल्यावर?" ल्यूशसचा चेहरा लालबुंद झाला होता. तेवढ्यात ऑरिन पोचला. त्याने झीनसचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं, पण इतकी शांतता होती की आवाज खाली आणूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

"झीनस, अरे, लोविना गेली रे."

पाच महिन्यांत हे वाक्य झीनससमोर कोणी उच्चारलं नव्हतं. झालं ते झालं म्हणाले होते, देवाची इच्छा म्हणाले होते. ऑरिनही ते बोलून गेला नि स्वतःच दचकला.

"गेली," झीनस म्हणाला. "मला माहीत आहे. पण माझं लग्न झालंय, ऑरिन. तूच लाल फीत बांधलीस."

ऑरिनने तोंड उघडलं आणि मिटलं.

ॲमिडन मास्तर खुर्चीतून उठले. छत्री मिटून त्यांनी काखेत धरली. "मिस्टर क्रॉवेल, मी परगावचा. मला तुमच्या गावची भानगड ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी विचारणारही नाही. आपल्या शब्दावर सांगा. आपण विवाहित आहात?"

"होय."

"मग धाव धरता येत नाही. खेळाडूचा शब्द शेवटचा."

"आणि आधीच्या चार?" व्हीलॉकने विचारलं. "त्या खोडायच्या का?"

मास्तरांनी विचार केला. "त्या त्यांनी मागून घेतल्या. ही मागितली नाही. सामना बरोबरीत आहे, आणखी एक डाव खेळावा. मिस्टर क्रॉवेल, आपल्या बाजूला जा."

गलका झाला. ल्यूशसने टोपी जमिनीवर फेकली, पायाने तुडवली, शिवी गिळली. समोर पंच होता आणि झाडाखाली आई होती. पण वाद कोणी घातला नाही. मैदानावर दिलेल्या शब्दाला पुरावा मागायचा नाही, एवढं हॅकेट्स फेरीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ल्यूशसने येऊन झीनसच्या दंडावरची निळी फीत हिसडा देऊन सोडली. सोडताना त्याने झीनसच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो मास्तरांकडे वळला.

"आम्ही आठच उरलो," तो पंचांना म्हणाला. "हार्वी परत द्या म्हणावं."

"नाही हं!" झाडाखालून हार्वीची नवी नवरी ओरडली, आणि मग सगळ्यांनी वळून पाहिलं तशी पाईंच्या टेबलामागे लपली. कोणीतरी हसलं. हार्वी कानापर्यंत लाल झाला. "मी तिच्याजवळ जाऊन बसतो," तो म्हणाला. "माझ्या जागी झीनसला घ्या. नाहीतरी मी तीन झेल सोडलेत."

"चार," ऑरिन म्हणाला. मग त्याने बॅट उचलली आणि दांड्याची बाजू पुढे करून झीनसला दिली. "आता पहिला तूच मार."

झीनस बॅट घेऊन पाटीकडे निघाला. ऊन उतरलं होतं, कुरणावर कापलेल्या गवताचा वास होता, आणि तो वास आपल्याला येतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याला हलकं वाटत होतं. त्याचं त्याला परत मिळालं होतं, साऱ्या गावासमोर आणि पंचाच्या तोंडून. त्याला ऑरिनचं उघडून मिटलेलं तोंड आठवलं. हार्वीची बायको टेबलामागे कशी बसली ते आठवलं. ल्यूशस टोपीवर नाचला ते आठवलं, आणि त्याला चक्क हसू आलं. आता घरी गेल्यावर हे सांगायचं कुठून सुरू करावं, याची तो जुळवाजुळव करू लागला. ल्यूशसच्या टोपीपासून करावं. लोविनाला खेळातलं ओ की ठो कळत नसे, ती बोटांना व्हिनेगर लावता लावता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "ते सगळं राहू दे, जिंकलं कोण?" आज तिला म्हणायचं, जिंकण्याचं सोड, आधी काय झालं ते तर ऐक...

तो पाटीपाशी पोचला होता. ल्यूशस समोर चेंडू घेऊन उभा होता.

"चेंडू कुठे हवा, मिस्टर क्रॉवेल?" मास्तरांनी विचारलं.

झीनसने सांगायला तोंड उघडलं, आणि घरात कोणी नाही हे त्याला कळलं. मार्चपासून ते त्याला माहीत होतं. त्याने स्वतः खड्ड्यात मूठभर माती टाकली होती, आत्ताच ऑरिनला "गेली" म्हणून सांगितलंही होतं. पण कळलं आत्ता, बॅट हातात असताना, भर कुरणात. ज्या बाईचा नवरा आहे म्हणून त्याने धाव टाकली, ती बाई घरी नव्हती. आज नव्हती, उद्या नव्हती, आणि तिला हे कधीच सांगता येणार नव्हतं.

त्याने बॅट जमिनीला टेकली. त्याच्या छातीतून एक आवाज आला, जनावरासारखा, आणि मग तो थांबेना. तो उभ्या उभ्या रडू लागला, तोंड न झाकता, साऱ्या गावादेखत.

मेहिटाबेलकाकू उठली. ऑरिनने हातानेच तिला बस म्हणून खुणावलं.

"चेंडू कुठे हवा?" मास्तरांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, कारण नियमाप्रमाणे ते विचारायलाच हवं होतं. झीनसला बोलता येईना. तो मान हलवत राहिला.

ल्यूशसने चेंडू खाली केला. दोन्ही हातांत चेंडू धरून तो मैदानाच्या मध्यावर उभा राहिला आणि वाट बघू लागला. मागचे सात सडेही आपापल्या जागी उभे राहिले. लवकर आटप, असं कोणी म्हणालं नाही.